आइसलँडची भूगोल अभ्यास सहल: मुलांकडून नेमकं काय मोजून घ्यायचं?

नकाशावाचक: नववी-दहावीची 28 मुलं, 4 शिक्षक, सप्टेंबरअखेर चार दिवस, मुक्काम रेक्याविकला. यादीत थिंगवेत्लिरची खचदरी, गेसिरचे उष्ण झरे, स्कोगाफॉस धबधबा, सोल्हेमायोकुल हिमनदी, रेनिसफ्यारा किनारा आणि योकुल्सारलोन हे हिमनदीचं सरोवर आहे. नुसते फोटो नकोत, वहीत आकडे यायला हवेत. कुठे काय मोजता येईल? आणि योकुल्सारलोन एका दिवसात होईल का?

दगडगोटे: योकुल्सारलोन काढून टाका. एका बाजूचंच अंतर 370 किमीच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन दहा तास बसमध्येच. तो वेळ सोल्हेमायोकुलला द्या.

वितळलेलं पाणी जिथून वाहत येतं त्या गोट्यांच्या मैदानात, प्रवाहाच्या कडेकडेने, दर 100 मीटरला थांबा. प्रत्येक थांब्यावर 20 गोटे. गोट्याची सर्वांत लांब बाजू कॅलिपरने (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) मिमीमध्ये मोजायची, गोलाई पॉवर्सच्या सहा टप्प्यांच्या तक्त्याशी (अतिटोकदार ते अगदी गोल अशी चित्रं) ताडायची. हिमनदीजवळ मोठे, टोकदार. खाली जावं तसे लहान आणि गुळगुळीत, असा कल दिसायला हवा.

तो दिसला नाही तर बहुतेक वेळा चूक निवडीत असते. मुलं देखणे गोटे उचलतात. डोळे मिटून बोट खाली टेकवायचं, पहिला लागेल तोच घ्यायचा. गोलाई सगळ्या थांब्यांवर एकाच मुलाने ठरवावी, कारण एकाचा ‘अर्धगोल’ तो दुसऱ्याचा ‘टोकदार’ असतो. बाजूच्या उतारावरून घसरलेले दगड जिथे मिसळलेत ती जागा सोडा. आणि बर्फावर पाऊल टाकायचं तर वाटाड्या आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) असल्याशिवाय नाही.

भेगाळ: थिंगवेत्लिरला एक गैरसमज आधीच काढून टाका. इथे अमेरिकेचा आणि युरोपचा भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात; पण आल्मान्नाग्या या घळीची एक भिंत म्हणजे अमेरिका आणि समोरची भिंत म्हणजे युरोप, असं नाही. आल्मान्नाग्या ही खचदरीची पश्चिम कड. पूर्वेची कड, ह्राफ्नाग्या, काही किलोमीटर लांब आहे. मधला सगळा पट्टाच ताणला जातोय. दोन्ही पाय दोन खंडांवर ठेवल्याचा फोटो गमतीपुरता ठीक. 1789 च्या भूकंपांत दरीचा तळ सुमारे 2 मीटर खचला, हे भिंतीपाशी उभं राहूनच सांगा. भेगांची दिशा कंपासने घ्या, पण कंपास बेसॉल्टवर टेकवू नका. खडकातल्या मॅग्नेटाइटमुळे सुई भरकटते. छातीच्या उंचीवर धरा, दोन-तीन जागी वाचन घ्या.

त्रिकोणमिती: स्कोगाफॉस सुमारे 60 मीटर. 100 मीटरवरून क्लिनोमीटरने (कोन मोजायचं साधन) माथ्याचा कोन 30 अंशांच्या आसपास यावा: 100 × 0.577 (30 अंशांचा टॅन) + डोळ्यांची उंची 1.5, म्हणजे 59.2. घोटाळा होतो तो अंतरात. टेप डोहाच्या काठापर्यंतच जातो, पायथा पुढे राहतो आणि उंची कमी येते. म्हणून धबधब्याच्या सरळ रेषेत 40 मीटर अंतरावरच्या दोन जागांवरून कोन घ्या. लांबच्या जागेवरून घेतलेल्या कोनाच्या कोटॅन्जंटमधून जवळच्या जागेवरचा वजा करा, 40 ला त्या फरकाने भागा, डोळ्यांची उंची मिळवा. तुषारांत पेनची शाई फुटते, पेन्सिलच न्या. हा कडा म्हणजे जुना समुद्रकिनारा; समुद्र आता सुमारे 5 किमी दूर आहे.

गेसिरला स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा साधारण 5 ते 10 मिनिटांनी उसळतो. वीस मिनिटांत तीन-चारच नोंदी मिळतात, त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. निदान पाऊण तास द्या. उसळण्याआधी फुगणारा निळा घुमट दिसताच वेळ टिपायची.

नकाशावाचक: योकुल्सारलोन रद्द. रेनिसफ्याराला लाटांची वारंवारिता मोजू का?

दगडगोटे: मोजा, पण वाळूत उतरून नाही. तिथल्या लाटा अचानक खूप आत येतात आणि माणसं ओढली गेली आहेत. इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर वरूनच बघायचं. नसला तरी पाण्याकडे पाठ करायची नाही. बेसॉल्टच्या स्तंभांच्या बाजू मोजायचं काम द्यायचं तर तेही फोटोवरून, बसमध्ये बसून. सहाच बाजू असतील असं मुलं धरून चालतात. पाच आणि सातही निघतात.

भेगाळ: गेसिरच्या ओहळात हात घालू देऊ नका, पाणी 80 ते 100 अंश असतं. आणि बसचं दार वाऱ्याच्या दिशेने उघडत असेल तर मोठ्या माणसाने धरावं. वाऱ्याने दारं बिजागरीतून उलटी होतात, ही तिथली रोजची कटकट आहे.