घटनास्थळ व्हीआरमध्ये (आभासी जगात) उभं करायचंय, आधी काय घ्यावं?

पडवीतला_फोटोग्राफर (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. पंचनाम्याचे फोटो काढण्यात माझी १७ वर्षं गेली. गेल्या साली जेट्टीखालच्या खडकांत एक खलाशी मेलेला सापडला. मी पोचलो तेव्हा भरती लागली होती, दोन तासांत सगळी जागा पाण्याखाली गेली. पुढे प्रश्न आला: वरच्या पायरीवर उभ्या माणसाला खालचा दिसला असता का? माझ्याकडे ८० फोटो होते आणि एकातूनही उत्तर निघेना. ते अजून मनाला लागून राहिलंय.

आता इथल्या एका कॉलेजात न्यायसहायक विज्ञानाच्या मुलांसाठी व्हीआरची खोली करायची आहे. पैसे बेताचे. क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर लावायचा हेडसेट घेऊन सुरुवात करू का?

जांभा_चिरा (कुडाळ)
दादा, हेडसेट सगळ्यात शेवटी घ्या. आधी जागा मापात पकडायला शिका. लेझर स्कॅनर परवडणार नाही, पण तुमचा कॅमेरा आहेच. खूप फोटो जोडून संगणक जागेचं त्रिमितीय मॉडेल बनवतो. शेजारच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सारखा यायला हवा, एक्स्पोजर लॉक (सगळ्या फोटोंत उजेडाची सेटिंग तीच), आणि चौकटीत ठाऊक लांबीची पट्टी. पट्टी नसेल तर मॉडेल दिसेल सुंदर, पण त्यातलं अंतर कोण मानणार? ३६० कॅमेऱ्यावर विसंबू नका. त्यात तुम्ही जिथे कॅमेरा ठेवला तिथेच उभे राहता, पायरीवर चढता येत नाही.

जांभ्याची भिंत छान येते, खडबडीत असते ना. चुना दिलेली भिंत आणि ओला चकाकता खडक दगा देतात, माडाची झावळं वाऱ्यावर हलतात म्हणून धूसर येतात. आणि पाण्याची पातळी वेळेसकट नोंदवाच. आपल्याकडे दिवसातून दोनदा जागा बदलते.

मग ग्राफिक्स कार्डवाला पीसी, त्यानंतर हेडसेट. नुसत्या हेडसेटवर चालवायचं तर मॉडेल हलकं करावं लागतं, आणि त्यात बारीक खुणा पुसल्या जातात. पडवीत उन्हात तो ठेवू नका, भिंगातून ऊन एकवटून आतला पडदा जळतो. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट, नाहीतर भिंगाला बुरशी येईल.

काळा_कोट (सावंतवाडी)
तुमचा पायरीचा प्रश्न वाचून जर्मनीतला राइनहोल्ड हानिंगचा खटला आठवला, २०१६चा. हा नाझींच्या ऑशवित्झ छावणीतला पहारेकरी. बव्हेरियाच्या पोलिसांनी त्या छावणीचं व्हीआर मॉडेल केलं होतं, मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला काय दिसत असेल ते तपासायला. त्यात झाडंसुद्धा होती, कारण झाडं नजर अडवतात.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) आहे: सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करायचं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणून ही मुलं लागणारच आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून मूळ फोटोंचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा आकडा) काढायला आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लिहायला शिकवा. मॉडेलमध्ये मोजलेला भाग एका रंगात, अंदाजाने भरलेला दुसऱ्या. उलटतपासणीत मी पहिला प्रश्न तोच विचारेन.

पडवीतला_फोटोग्राफर
दोघांचे मनापासून आभार. हेडसेट थांबवला. अमावास्येच्या ओहोटीला मुलांना घेऊन त्याच जेट्टीवर जातो. वरच्या पायरीपासून सुरुवात करीन. पट्टी आजच सुताराकडून करून घेतली, बरोबर एक मीटरची.