'मोअर टॉलर' येतं कुठून?
एका ताईंनी विचारलंय, दहावी झालेली मुलंही इंग्रजीत नुसतं 'टॉलर' (जास्त उंच) सोडून 'मोअर टॉलर' असं चुकीचं का म्हणतात? मी कराडला संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो, तिथंही रोज हेच. खोड आपल्या मराठीची आहे. आपल्याकडं तुलनेत विशेषण बदलतच नाही. 'कोयनेपेक्षा कृष्णा लांब' म्हटलं की काम झालं, फार तर मध्ये 'जास्त' घालायचं. तोच 'जास्त' इंग्रजीत 'मोअर' होऊन शिरतो आणि पुस्तकात घोकलेला 'अर'ही शेवटी राहतो. मी सांगतो, दोन्हीतलं एकच घ्या: लहान शब्दाला 'अर'चं शेपूट, 'ब्यूटिफुल'सारख्या लांबड्याला 'मोअर'. 'हॅपी', 'ईझी' शेपटाकडं जातात. 'गुड, बेटर, बेस्ट' मात्र पाठच करायचं, इलाज नाही.

'टॉलेस्ट'मधला (सगळ्यांत उंच) 'एस्ट' तर आपल्या नात्यातलाच. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला संस्कृत 'इष्ठ' आणि तो एकाच कुळातले. हे ऐकून मागच्या बाकावरचाही मान वर करतो. (आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, ते 'मोस्ट बेस्ट'च की!)

आणि हो, 'सीनियर'पुढं 'दॅन' नको, 'टू' हवं. ही चूक मास्तरमंडळींच्या तोंडूनही ऐकलीय.