लिंबातून वीज येते म्हणजे नक्की कुठून येते?

सातवीची_आई: मुलीच्या प्रोजेक्टसाठी लिंबात तांब्याची तार आणि गॅल्वनाइज्ड खिळा खुपसलाय. मल्टिमीटर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो पण लाल एलईडी काही केल्या लागत नाही. वर ती विचारतेय वीज लिंबात असते का खिळ्यात, काय सांगू?

तारेवरची_कसरत: खिळ्यात, म्हणजे त्याच्यावरच्या जस्तात. आम्लात जस्त विरघळतं, प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, ते तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे रसातले हायड्रोजन आयन ते उचलून वायू होतात. तांबं नुसतं जागा देतं, खर्च होतं ते जस्त. दोन्हीकडे तांबं लावून बघा, मीटर जवळपास शून्यावर येईल, लिंबू तेच असलं तरी! एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात आणि लिंबातून करंट अगदीच कमी मिळतो, म्हणून तीन-चार लिंबं सिरीजमध्ये जोडा, एकाचं तांबं पुढच्याच्या खिळ्याला. आणि नंतर त्यांचं सरबत नका करू, रसात जस्त उतरलेलं असतं.

भंगारवाला_इंजिनियर: पहिली बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टाने १८०० साली लिंबू पण नव्हतं घेतलं, जस्त-चांदीच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. टॉर्चच्या साध्या सेलचा डबा आजही जस्ताचाच असतो, तोच झिजतो म्हणून जुना सेल गळतो.

सातवीची_आई: मग २०२२ मध्ये पुण्यात ती हायड्रोजनची बस दाखवली होती, ती पण हेच का?

तारेवरची_कसरत: तत्त्व तेच, पण त्या बसमधल्या फ्युएल सेलमध्ये इलेक्ट्रोड (इथे खिळा आणि तार होते ते) झिजत नाही, इंधन बाहेरून येत राहतं. प्लॅटिनमवर हायड्रोजन प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनमध्ये फुटतो, प्रोटॉन मधल्या पातळ पडद्यातून पार जातो, इलेक्ट्रॉनला तो पडदा बंद, म्हणून तो तारेने वळसा घालून जातो आणि त्या वळशातच मोटर बसवलेली असते. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी. लोडवर, म्हणजे मोटर ओढत असताना, एका सेलचे जेमतेम ०.७ व्होल्ट, म्हणून असे कितीतरी सेल थरावर थर रचतात. ग्रोव्ह नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ मध्येच हे करून दाखवलं होतं, अपोलोतले अंतराळवीर तर फ्युएल सेलमधलं पाणी प्यायचे. फक्त ते 'पाण्यावर चालणारी गाडी'वाले फॉरवर्ड मुलीला दाखवू नका, पाणी ही इथे राख आहे, राख परत पेटत नाही.

भंगारवाला_इंजिनियर: ताई, एलईडी उलटा नाही ना लावला? लांब पाय तांब्याकडे.