मतदार यादीचं काम कधीपासून सुरू करावं? आणि लोकांशी नेमकं काय बोलावं?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही सोसायटीतले आणि शेजारच्या दोन इमारतींमधले मिळून नऊ जण, बहुतेक कॉलेजचे नाहीतर नुकतेच नोकरीला लागलेले. मागच्या निवडणुकीआधी पंधरा दिवस दारोदार फिरलो. कुठल्याही पक्षाचे नाही, फक्त "मतदान करा" एवढंच सांगायला. पत्रकं वाटली, लिफ्टमध्ये पोस्टर लावली, व्हॉट्सॲपवर रोज मेसेज टाकले. लोक दार उघडून हो हो म्हणायचे.

आणि मतदानाच्या दिवशी जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, आमच्या सांगण्यावरूनच सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून काकूंना घेऊन आलेले. काकूंचं नाव यादीत होतं, त्यांचं नव्हतं. कार्ड हातात धरून त्यांनी तीनदा यादी वरपासून खालपर्यंत बघितली, मग कार्ड परत प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि काकूंना म्हणाले, तू जाऊन ये, मी थांबतो इथे. असे आमच्या तीन इमारतींत अकरा जण निघाले.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. पुढच्या वेळी काम कधीपासून सुरू करायचं? आणि "मत देऊन काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं? ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं की त्यांच्या नादी लागूच नये. मला ते पटत नाही, पण वाद घालून कोणी मतदानाला आलेलंही मी बघितलेलं नाही.

जुना_बीएलओ

ताई, मी शिक्षक, सहा वर्षं बीएलओचं (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारा) काम केलंय. तुमचे काका वाचून वाईट वाटलं कारण असे चेहरे मी दर निवडणुकीला बघितलेत. पहिली गोष्ट तुमच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहा: कार्ड असलं म्हणजे मत असतं असं नाही, यादीत नाव असलं तर मत असतं.

काम कधीपासून? आजपासून. निवडणूक जाहीर झाल्यावर जे होतं ती पळापळ. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही, कायद्यातच तसं आहे. तुम्ही पंधरा दिवस आधी फिरलात तेव्हा यादीचं दार बंद झालेलं होतं.

कसं करायचं ते सांगतो. तुमच्या यादी भागाची, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या यादीची, पीडीएफ निवडणूक आयोगाच्या साइटवरून उतरवा, प्रिंट काढा, आणि दोघांनी बसून वाचा. एकाने नावाखाली पट्टी ठेवून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने सोसायटीच्या घरांची यादी समोर ठेवून टिक करायची. पट्टी ठेवाच, नाहीतर एकाच आडनावाची दहा नावं ओळीने आली की डोळा घसरतो. एका भागात हजार-बाराशे नावं सहज असतात, दोन रविवार जातात.

मग चार प्रकारची माणसं सापडतात. ज्यांचं नावच नाही किंवा वगळलं गेलंय, त्यांचा फॉर्म ६. काकांचाही आता ६ च. पत्ता बदलला, नावात चूक आहे, फोटो चुकीचा आहे, त्यांचा फॉर्म ८. घर बदललेले लोक नवीन ६ भरून टाकतात, तसं करू देऊ नका, नाव दोन ठिकाणी राहतं आणि तो गुन्हा आहे. वारलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म ७, ते घरच्यांशी बोलूनच, आणि सुतकाचे दिवस जाऊ द्या. मी एकदा घाई केली होती, त्या घरातल्या आजी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत.

चौथी तरुण मंडळी. आधी वर्षातून एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावे लागतात ती तारीख, होती, १ जानेवारी. २०२२ पासून चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. बारावीतल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही.

आणि भाडेकरू! सगळ्यात जास्त सुटतात ते हेच. घरमालकाला वाटतं यादीत नाव लागलं की हा घरावर हक्क सांगेल, म्हणून तो कागद द्यायला टाळतो. मतदार यादीतलं नाव हा मालकीचा पुरावा नाही, फक्त माणूस तिथे राहतो एवढंच त्यात बघतात. हे मालकांना एकदा शांतपणे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींकडून सांगायला लावा.

तुमच्या बीएलओला शत्रू समजू नका एवढी विनंती. बहुतेक वेळा शिक्षक, अंगणवाडी सेविका नाहीतर पालिकेचा कर्मचारी असतो, स्वतःची नोकरी सांभाळून दारोदार फिरतो. कोण आहे ते माहीत नसेल तर १९५० वर फोन करून विचारा.

उंबरठा

जुना_बीएलओ दादांनी यादीचं सगळं सांगितलं, मी बोलण्याबद्दल लिहिते. आमच्या महिला गटात आम्ही हे बरीच वर्षं करतोय.

"फरक काय पडतो" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचंच नाही. विचारायचं, काय झालं होतं? त्या वाक्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. एका बाई दारातच म्हणाल्या मी नाही देणार कुणाला, आणि दार लावायला लागल्या. मी एवढंच विचारलं की कशाने एवढ्या वैतागलात, तर पुढची वीस मिनिटं त्या दाराला टेकून मागच्या गल्लीतल्या दिव्याबद्दल बोलल्या. दोन वर्षं बंद. मुलगी क्लासवरून येते तेव्हा त्या मोबाईलचा टॉर्च लावून कोपऱ्यावर उभ्या राहतात. तीन अर्ज केलेले, पोच एकाचीही नाही. आता अशा बाईला लोकशाहीवर भाषण द्यायचं का? आम्ही चौथा अर्ज बावीस सह्यांनिशी दिला, पोच घेतली, दर सोमवारी कोणीतरी जाऊन विचारायचं असं वाटून घेतलं. दिवा लागायला अडीच महिने गेले. त्या बाई आता आमच्याबरोबर फिरतात आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, कारण समोरच्याला जे वाटतंय ते त्यांना स्वतःला वाटून गेलंय.

म्हणून मला वाटतं निवडणुकीच्या वेळीच दार वाजवणारे आपण नसावं. ते काम करणारे दुसरे भरपूर आहेत.

आणखी एक. मतदानाच्या आठवड्यात "मतदान करा" म्हणू नका, "किती वाजता जाताय? कोणाबरोबर? त्याआधी कुठे असाल?" असं विचारा. अमेरिकेत २००८ मध्ये फोनवरून असाच बेत विचारून बघितला होता, ज्यांना विचारलं त्यांचं मतदान वाढलं, आणि घरात एकटेच मतदार असलेल्यांचं जास्त. आमचाही अनुभव तोच. एकट्या माणसाला सोबत सापडली की तो निघतो.

कोणाला मत देणार हे मात्र चुकूनही विचारू नका. तो विषय निघाला की हात जोडायचे. एकही उमेदवार पसंत नाही असं कोणी म्हणालं तर नोटा आहे हे सांगा, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आहे, तेही मतच आहे.

रानवाट

मी मतदान अधिकारी म्हणून बसलोय त्यामुळे टेबलाच्या पलीकडून दिसतं ते लिहितो.

व्होटर स्लिप हे ओळखपत्र नाही, २०१९ पासून नुसत्या स्लिपवर मतदान करता येत नाही. लोक फक्त ती घेऊन येतात आणि उन्हात परत जातात, पुन्हा येतीलच असं नसतं. कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स यातलं काहीही चालतं. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्यांचं मतदान होतंच, शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, तेव्हा पाच मिनिटं राहिली म्हणून घरी बसू नका. तुमच्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल तर वाद घालून निघून जाऊ नका, केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट (अशा वेळी कागदी मतपत्रिकेवर द्यायचं मत) मागा, तो हक्क आहे.

लोकसभा-विधानसभेला ८५ च्या पुढचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले घरून मत देऊ शकतात पण १२ डी फॉर्म अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे अशी घरं आधीच लिहून ठेवलेली हवीत.

आणि सांभाळा, केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. तुमचा प्रचार नसला तरी टोप्या-बिल्ले घालून दारात गर्दी करू नका. म्हाताऱ्यांना न्यायला उमेदवाराची गाडी अजिबात घेऊ नका, ते कायद्याने 'भ्रष्ट आचरण' धरतात.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, एक राहिलं, महापालिकेची यादी वेगळी असते का? तिथे वेगळं नाव नोंदवावं लागतं?

जुना_बीएलओ

नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेची घेतो आणि प्रभागांत फोडतो. प्रभागाची प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव बदलून मिळतं, पण मूळ यादीतच नसलेलं नाव तिथे नव्याने घालून मिळत नाही. लोक नेमके त्या वेळी जागे होतात. आणि जिथे बहुसदस्यीय प्रभाग आहेत तिथे जितक्या जागा तितकी मतं द्यायची असतात हेही सांगत चला, पहिलं बटण दाबून लोक निघायला लागतात.

चैत्रपालवी

काल पार्किंगमध्ये टेबल टाकून यादी वाचायला सुरुवात केली. चारशे नावं झाली, सव्वीस घरांवर काहीतरी गडबड असल्याची खूण आहे, त्यातली पंधरा भाड्याची. काकांचा फॉर्म ६ भरला, अर्जाचा नंबर त्यांनी स्वतः डायरीत लिहून घेतला. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पट्टी इकडे द्या, जुन्या रहिवाशांची आडनावं मला पाठ आहेत.