मदत हवी आहे: ६२ चौकिमी पाणलोटाच्या नदीचा पूर नेमका किती धरायचा?

नमस्कार मंडळी, मी सिव्हिलवाला, पाण्यातला तज्ज्ञ नाही. गोवळकोटच्या खालच्या अंगाला वाशिष्ठीच्या खाडीत उतरणाऱ्या एका छोट्या नदीच्या पूररेषेचं काम गळ्यात पडलंय. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या, इथपर्यंत ठीक. हेक-रासमध्ये (पुराची पातळी काढायचं सॉफ्टवेअर) मॉडेलपण उभं केलंय, पण त्यात घालायचा क्युमेकचा (सेकंदाला किती घनमीटर पाणी) आकडा आणू कुठून? नदीवर गेजिंग, म्हणजे प्रवाहाची मोजणी, कधी झालेलंच नाही.

काय काय केलं ते सांगतो, हसू नका. इंग्लिसच्या सूत्राने ९०० क्युमेक येतात. डिकन्सच्या सूत्रातला गुणांक सी १४ धरला तर ३१०, २५ धरला तर ५५०, म्हणजे तो सगळा सी ठरवणाऱ्याच्या मनावर. मग रॅशनल पद्धत, म्हणजे पावसाचा वेग गुणिले क्षेत्रफळ गुणिले वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा (सी). पाऊस तालुक्याच्या मापकाचा, सकाळी साडेआठला २४ तासांचा एकच आकडा, तो ३०० मिमी धरला आणि घनमुळाच्या नियमाने ३ तासांचे १५० काढले, म्हणजे तासाला ५०, सी ०.८, उत्तर ६९०. पण मापक खाली गावात आणि पाणलोट वर कड्याला टेकलेला, तिथे पाऊस जास्तच पडणार ना?

शेवटी २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण शोधली. नदीकाठच्या एका काकांनी पडवीच्या खांबावर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवलीय, माझ्या छातीला लागते. तिथला क्रॉस सेक्शन (नदीचा आडवा छेद) घेतला, मॅनिंगच्या सूत्रात (छेद आणि उतारावरून प्रवाह काढायच्या) तळाचा उतार टाकला तर आले १४०० क्युमेक! काका मात्र वेगळंच सांगत बसले, "पाणी खालनं वर आलं रे, आमची कळशी वरच्या वाडीत गावली." चहा झाला, मी निघालो.

आता ३१० ते १४०० मधला कुठला आकडा घेऊ? सरासरी काढली तर चालेल का?

पऱ्याकाठचा: सरासरी अजिबात काढू नका हो! आणि उत्तर तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, चहाच्या आधीच्या वाक्यात. कळशी वरच्या वाडीत सापडली म्हणजे पाणी उलटं चढत होतं. त्या दिवशी वाशिष्ठी तुंबलेली, दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा म्हणजे भरतीपण मोठी, तुमच्या नदीचं पाणी जाणार कुठे? पाण्याच्या पृष्ठभागाला उतारच नव्हता आणि तुम्ही तळाचा उतार धरलात. १४०० खोडून टाका. ती रेघ पातळी सांगते, प्रवाह नाही.

रॅशनल ६२ चौकिमीला ताणू नका, ते लहान पाणलोटासाठी. इंग्लिस आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांवरूनच बसवलेलं आहे, पण त्याला किती वर्षांचा पूर ते माहीत नसतं, त्यामुळे ९०० ला '१०० वर्षांचा' असं लेबल लावू नका, वरची मर्यादा तपासायला ठेवा. केंद्रीय जल आयोगाचा कोकण-मलबार किनाऱ्याचा पूर अंदाज अहवाल आहे, उपविभाग ५अ. त्यातून युनिट हायड्रोग्राफ (ठराविक पावसाने नदीचा प्रवाह तासागणिक कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) बांधा आणि २५ व १०० वर्षांचा पाऊस त्यावर चालवा.

लाल_रेषा: +१. शिवाय मॉडेलचे रन दोन करा. एकात नदीचा स्वतःचा पूर आणि खाली नेहमीची भरती. दुसऱ्यात वाशिष्ठी फुगलेली (कोयनेच्या वीजघरातून सुटणारं अवजलही तिच्यातच येतं) आणि तुमच्या नदीत बेताचं पाणी. प्रत्येक सेक्शनला जी पातळी वर जाईल ती धरायची. काकांची रेघ दुसऱ्या रनशी ताडून बघा. आणि फुकटातल्या ३० मीटरच्या डेमवर (उपग्रहावरून केलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा) खाडीकाठची रेषा काढू नका, त्याची चूकच छातीपेक्षा जास्त असते.

प्रवाहाची खूण हवी असेल तर भरती पोचत नाही तिथे वर जा. एखादा केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा आहे का?

धागाकर्ता: आहे! वरच्या वाडीच्याही वर दीडेक किमीवर, आणि पुराचा गाळ त्याच्या भिंतीवर अजून दिसतो. शनिवारी लेव्हल मशीन घेऊन जातो. तेवढं सांगा, कळशी रिपोर्टात कुठल्या हेडिंगखाली टाकू?