क्लॅटच्या इंग्लिशमध्ये शेवटचे पॅसेज राहूनच जातात, काय करू?

नंदनवनची_पोरगी:
नमस्कार सगळ्यांना. मी बारावी आर्ट्सला आहे, नागपूरलाच, अन डिसेंबरमध्ये क्लॅट, म्हणजे लॉची प्रवेश परीक्षा, देणार आहे. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश झालं म्हणजे गणित विज्ञान इंग्लिशमधून अन बाकी सगळं मराठीतून, त्यामुळे इंग्लिश समजतं पण एवढं मोठमोठं वाचायची सवयच नाही. घरी निवांत बसून पॅसेज सोडवला तर सहापैकी पाच बरोबर येतात, अन घड्याळ लावलं की तोच लेव्हलचा पॅसेज तीनवर येतो, वरून शेवटचे एक-दोन तर उघडायलाही मिळत नाही. क्लासमध्ये विचारलं तर म्हणतात रोज पेपर वाच, स्पीड वाढव. वाचून राहिली न मी, पण स्कोर काही हलून नाही राहिला. वारंग्याचं एमएनएलयू, म्हणजे इथलं लॉ विद्यापीठ, मिळालं तर नागपूर सोडायचं काम नाही म्हणून जीव लावून करून राहिली. कोणी काढला असेल यातून मार्ग तर प्लीज सांगा.

वर्धा_रोडवाला:
स्पीडच्या मागे लागू नको, आधी हिशोब कर. पेपर १२० मिनिटांचा, प्रश्न १२०, त्यात इंग्लिशचे २२ ते २६. पॅसेज साधारण ४५० शब्दांचा. मिनिटाला २०० शब्द वाचत असशील, जो काही लय भारी स्पीड नाही, तं सव्वादोन मिनिटं लागले. आता समज मरमर करून २५० वर गेली, तं पावणेदोनच्या थोडं वर. कमावलं काय? अर्धा मिनिट बी नाही. खाली पाच-सहा प्रश्न असतात, खरा टाइम तिथं जाते. दोन ऑप्शन पटकन उडतात अन उरलेल्या दोनमध्ये माणूस बसून राहते, मग वर जाऊन पूर्ण पॅसेज परत वाचते, मग खाली येऊन तिसऱ्याच ऑप्शनवर डाउट घेते.

पुढच्या मॉकला, म्हणजे सराव पेपरला, एक कर. जिथं परत वर जाऊन वाचावं लागलं त्या प्रश्नासमोर 'प' लिही अन जिथं दोन ऑप्शनमध्ये अडकली तिथं 'द'. मॉक झाल्यावर फक्त मार्क पाहून वही बंद नको करू, हे 'द' वाले घेऊन बस. चुकीच्या ऑप्शनमधला नेमका कोणता शब्द पॅसेजमध्ये नाही ते अंडरलाइन करायचं.

उदाहरण देतो. समज पॅसेजमध्ये आहे की ठिबकमुळं काही भागात संत्र्याचं उत्पादन वाढलं, पण बोअरवेल खोल जाणं काही थांबलं नाही. लेखकाचं मत काय? ऑप्शन अ: ठिबकमुळं पाण्याचा प्रश्न सुटू शकत नाही. ऑप्शन ब: उत्पादनाला फायदा झाला तरी भूजलाचा प्रश्न उरलाच. दोन्ही बरोबर वाटतात न? पण 'सुटू शकत नाही' असं म्हटलं कुठं लेखकानं? थांबलं नाही म्हटलं, कधीच थांबणार नाही असं नाही म्हटलं. अन आपण पडलो विदर्भातले, पाणी पुरत नाही हे डोक्यात आधीच बसलेलं, म्हणून हात आपोआप अ कडं जाते. 'ऑलवेज', 'ओन्ली', 'कॅनॉट' दिसले की दोनदा पाह्यचं, प्रत्येक वेळी चूक असतात असं नाही पण पॅसेजमध्ये तेवढाच जोर आहे का ते चेक करायचं.

संत्रा_बर्फी:
स्पीड रीडिंगचे ॲप येतात न भाऊ, एकेक शब्द स्क्रीनवर फ्लॅश होते, मिनिटाला ६०० पर्यंत जाते म्हणतात. ट्राय करायला काय हरकत?

मास्तर_रिटायर्ड:
हरकत आहे. वाचताना डोळे कसे फिरतात यावर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी या सगळ्या स्पीड रीडिंगच्या दाव्यांचा मोठा आढावा घेतला होता, २०१६ साली छापून आला. स्पीड ओढूनताणून वाढवला की समजणं कमी होतं, असा त्याचा सरळ अर्थ. शब्द फ्लॅश करणाऱ्या ॲपमध्ये तर मागे जाऊन बघायची सोयच राहत नाही, आणि अवघड वाक्यात डोळा मागे जातो तो समजण्यासाठीच जातो.

पण वर्धा रोडवाल्यांचं मला अर्धंच पटतं. ऑप्शनची प्रॅक्टिस ठीक, मात्र सेमीच्या मुलांची अडचण बरेचदा त्याच्या आधी असते, विषयच अनोळखी असतो. १९८८ मध्ये अमेरिकेत रेख्त आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या मॅचचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली पोरं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या पोरांच्या पुढे गेली. आपल्याकडे विदर्भाच्या रणजी फायनलवर उतारा द्या, जामठ्याला मॅच बघणारं कोणतंही पोरगं फडफड वाचेल.

म्हणून बेटा, नुसता पेपर वाच म्हणून भागत नाही. एक विषय धर, समजा फेडरॅलिझम म्हणजे केंद्र आणि राज्यांमधली अधिकारांची वाटणी, किंवा व्याजदर. तो आधी मराठीत नीट समजून घे, कोणत्याही मराठी पेपरातला चांगला लेख चालेल, आणि मग त्याच विषयावर हितवाद किंवा हिंदू या इंग्लिश पेपरचा अग्रलेख वाच. आठवडाभर तोच विषय. रोज नवा विषय घेतला की रोज पहिल्यापासून चाचपडणं आलं. करंट अफेअर्सचीही तयारी त्यातच होते, तो फायदा वेगळा.

नंदनवनची_पोरगी:
सर थँक्यू, हे आधी मराठीत वाचायचं कोणीच नव्हतं सांगितलं, उलट मराठी पूर्ण बंद कर म्हणतात. अजून एक, आधी प्रश्न वाचायचे की आधी पॅसेज? क्लासमध्ये प्रश्न आधी सांगतात पण माझं डोकंच फिरते. अन राहिलेले पॅसेज सोडून द्यायचे का तुक्का मारायचा?

वर्धा_रोडवाला:
डोकं फिरते तं आधी पॅसेजच वाच, त्यात काय. सहा प्रश्न डोक्यात धरून ४५० शब्द वाचणं सगळ्यांना जमत नाही. पेपर कागदावर असते, तं पेन चालव, 'हाउएव्हर', 'बट', 'येट' ला गोल कर, लेखक तिथंच पलटी मारते. अन मोबाइलवर पॅसेज सोडवणं बंद कर, कागदावरच कर, ओएमआर म्हणजे उत्तरांच्या गोळ्यांच्या शीट सकट. गोळे भरायलाही टाइम लागते हे शेवटच्या पाच मिनिटांत समजून काय फायदा.

तुक्क्याचं गणित सोपं आहे. बरोबरला १, चुकीला पाव कट. दोन ऑप्शन उडवले असतील तं बिनधास्त मार, लांबचा विचार केला तं फायदाच आहे. काहीच न वाचता मारशील तं जवळपास बरोबरीत सुटते, त्यासाठी जीव नको जाळू.

रामदासपेठ_कॅटवाली:
मी कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते, आमच्याकडे प्रत्येक सेक्शनला ४० मिनिटं ठरलेली, इंग्लिशच्या सेक्शनमध्ये २४ प्रश्न, टाइम संपला की संपला. क्लॅटमध्ये सेक्शनचं असं बंधन नाही तर त्याचा फायदा घे न. इंग्लिश शेवटी कशाला ठेवते? डोकं थकल्यावर वाचणं जड जाते. अन एक किचकट पॅसेज आला, दुसऱ्या पॅराग्राफपर्यंत काहीच हाताला नाही लागलं, तर सोडून पुढे जायचं, नंतर टाइम उरला तर पाहू. जुने पेपर क्लॅट घेणाऱ्या कन्सोर्टियमच्या साइटवर फुकट मिळतात आन्सर कीसकट, २०२० पासूनचे घे कारण पॅसेजवाला पॅटर्न तेव्हापासूनचा आहे, फक्त २०२३ पर्यंत १५० प्रश्न असायचे हे लक्षात ठेव, टाइम तेवढाच.

मास्तर_रिटायर्ड:
आणि मॉक दुपारी दोन ते चारच लाव, खरा पेपर त्याच वेळेला असतो. सगळे सकाळी फ्रेश असताना मॉक देतात आणि परीक्षेच्या दिवशी जेवून पेंगतात.

संत्रा_बर्फी:
संडेला सावजी खाऊन दोन वाजता मॉक, इथंच पेपर फुटला माझा 😂