मदत हवी आहे: ऑक्सिजन जास्त तरी रेषा फिकट, हे कसं समजावू?

पुढच्या शनिवारी आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांपुढे 'दीर्घिकांमधल्या ऑक्सिजनचा इतिहास' यावर पाऊण तास बोलायचंय. समोर दहावीची मुलं आणि निवृत्त मंडळी. लॉगॅरिदम काढला की माना खाली जातात.

गोष्टीचा भाग जमलाय: १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हगिन्सना तेजोमेघाच्या वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) दिसलेली हिरवी रेषा, तिच्यासाठी कल्पलेलं 'नेब्युलियम' हे नवं मूलद्रव्य, आणि १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोवेनने तो ऑक्सिजनच असल्याचं दाखवणं. सूर्यात साधारण २००० हायड्रोजन अणूंमागे एक ऑक्सिजन, हे ताटातल्या ज्वारीत एक राजमा टाकून दाखवणार आहे.

गाडी अडते ती मोजमापावर, म्हणजे रेषांच्या तेजावरून ऑक्सिजन किती ते ठरवण्यावर. ऑक्सिजन वाढला की तोच प्रकाशावाटे उष्णता बाहेर टाकतो, वायू थंड होतो. ऑक्सिजनच्याच ४३६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या रेषेसाठी त्याच्यावर इलेक्ट्रॉन जोरात आदळावे लागतात, म्हणून ऑक्सिजन जास्त असूनही ती उलट विझत जाते. ५००.७ च्या हिरव्या रेषेला तेवढा जोर लागत नाही.

माठाचं उदाहरण घरी देऊन पाहिलं. पाझर जास्त, तितकं पाणी गार. बायको म्हणाली, "मग पाझर कमी दिसायला हवा ना?" गप्प बसलो. उंच फळीवरच्या डब्याचंही उदाहरण घेतलं, पण त्यात थंड होणं कुठेच बसत नाही.

प्रोजेक्टर आहे, सभागृहात ज्योत पेटवायला मनाई आहे, आणि या मुद्द्याला पाचच मिनिटं आहेत. मुद्दा गाळा असं कृपया सांगू नका, पुढचे सगळे आकडे त्यावरच उभे आहेत. थंड होणं आणि रेषा विझणं, दोन्ही एकाच दमात पटेल असं घरगुती उदाहरण कुणी वापरलंय का?